चाल बदलली म्हणजे इमान विकलें काय ?

कलावंतावर रसिकानें करावयाच्या आरोपांत 'त्यानें आपली कला विकली' याहून अधिक कडू आरोप दुसरा नाहीं. कलावंत बेसूर गायला, तर तो चुकला असें आपण म्हणतों. त्याची प्रतिभा आटली, तर हळहळतों. पण त्यानें कला विकली असें एकदां म्हटलें, कीं त्याच्या गाण्याबरोबर त्याच्या चारित्र्याचाही निकाल लागतो. इतका मोठा आरोप करावयाचा, तर पुरावाही तितकाच मोठा हवा. व्यवहारांत मात्र एकच पुरावा पुरेसा समजला जातो : 'पूर्वीं तो असा गात नव्हता.' हा पुरावा कितपत टिकतो, तें आज पाहूं.

निमित्त घरचेंच आहे. आमचा पुतण्या महाविद्यालयांत शिकतो आणि तीन मित्रांबरोबर रॉक संगीत वाजवितो. नारायण पेठेंत, मोदी गणपतीपासून हांकेच्या अंतरावर, आमचें जुनें घर आहे. त्याच्या मागील खोलींत या चौघांची तालीम चालते. गेल्या महिन्यांत ती एकाएकीं बंद पडली. चौकशी केली तेव्हां समजलें, कीं गाण्यांत मराठी शब्द घ्यावे आणि सोबतीला ढोलकी असावी अशी सूचना एका मित्रानें केली, आणि आमच्या या वीरानें त्यास 'तूं विकला गेलास' असें तोंडावर सुनावलें. शाळेपासूनची मैत्री एका वाक्यानें तुटली.

"काका, मेटॅलिकाचंही असंच झालं," तो आम्हांस सांगूं लागला. "१९८८ पर्यंत त्यांची गाणी लांब, अवघड आणि कडक होती. १९९१ मध्ये त्यांनी वेग उतरवला, गाणी आखूड केली, आणि नुसत्या अमेरिकेत त्या एका संग्रहाच्या दीड कोटींहून जास्त प्रती खपल्या. अजून काय पुरावा पाहिजे तुम्हांला ?"

आम्हांस हसूं आलें, आणि लगेच वाईटही वाटलें. कारण हेंच वाक्य, निराळ्या नांवांनीं, आम्हीं याच घरांत लहानपणीं ऐकलें आहे. आमच्या आजोबांनीं ऐन तारुण्यांत बालगंधर्वांचीं नाटकें पाहिलीं होतीं. पुढें आकाशवाणीवर जितेंद्र अभिषेकींच्या चालीचें एखादें पद लागलें, कीं ते उठून यंत्र बंद करीत आणि म्हणत, "हें नाट्यसंगीत नव्हे, हा बाजार आहे." परंतु त्यांचे वडील, म्हणजे आमचे पणजोबा, हे भाऊराव कोल्हटकरांच्या गाण्यावर वाढलेले. 'मानापमान' पाहून आल्यावर ते म्हणाले होते, असें आजोबाच सांगत, कीं अण्णासाहेबांच्या रंगभूमीवर ठुमरी आली, आतां राहिलें काय ! पणजोबांस जो बाजार वाटला, तो आजोबांचा देव्हारा झाला. आजोबांस जो बाजार वाटला, तो आमच्या वडिलांचा देव्हारा झाला. हा क्रम एकदां ध्यानांत आला, म्हणजे आरोपाचें अर्धें वजन तेथेंच उतरतें.

रॉक बँड या संस्थेशीं ज्या वाचकांचा परिचय नसेल, त्यांनीं तिला आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळीची दूरची बहीण समजावें. चार-पांच जण एकत्र येतात, आपल्या चाली बांधतात, गांवोगांव फिरतात, तिकिटांचें उत्पन्न वांटून घेतात, आणि पुढें वेगळे होतात. १९१३ मध्यें किर्लोस्कर मंडळी सोडून बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं भागीदारींत गंधर्व नाटक मंडळी काढली, हा प्रसंग कोणत्याही बँडच्या चरित्रांत शोभेल. तेव्हां पुतण्याच्या फिर्यादीचा न्याय नाटक मंडळ्यांच्या इतिहासावरून करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

पहिली गोष्ट ही, कीं ज्यास आपण मूळचा शुद्ध सूर म्हणतों, तोही मिश्रणच असतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें. साकी, दिंडी, कीर्तनांतल्या चाली, लावणीच्या चाली, कर्नाटकी चाली, असा अनेक ठिकाणचा माल अण्णासाहेब किर्लोस्करांनीं त्यासाठीं गोळा केला होता. १८९६ च्या 'वीरतनया'पासून श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं पारशी रंगभूमीच्या चाली आणल्या. १९११ च्या 'मानापमाना'स टेंबे यांनीं पूरबी ठुमरी-कजरीचा साज चढविला. १९१६ च्या 'स्वयंवरा'स भास्करबुवा बखले यांनीं ख्यालाच्या चिजांचें बळ दिलें. १९१९ च्या 'एकच प्याला'स सुंदराबाई जाधव यांच्याकडून गझल-कव्वालीच्या वळणाच्या चाली मिळाल्या. चाळीस वर्षांच्या आंत सूर इतके वेळां बदलला ! यांपैकीं कोणत्या वर्षापर्यंत नाट्यसंगीत शुद्ध होतें, आणि कोणत्या वर्षीं तें विकलें गेलें, हें फिर्यादीनें सांगावें.

दुसरा पुरावा पैशाचा. तोही लंगडा आहे. किर्लोस्कर मंडळी तिकिटांवर जगत होती, धर्मादायावर नव्हे. आणि म्हणून 'सौभद्र' हें कमी प्रतीचें नाटक ठरलें नाहीं. उलट १९२० मध्यें 'द्रौपदी'च्या थाटामाटावर गंधर्व मंडळीनें पाण्यासारखा पैसा ओतला आणि ती कर्जांत रुतली. पण कर्ज झालें एवढ्यानें त्या थाटास कलेचें मोल आलें असेंही नाहीं. लोकप्रियता हा गुन्हा नव्हे, आणि तोटा हें प्रमाणपत्र नव्हे.

मग कसोटी कोणती ? आमच्या मतें ती अशी : बदलाची जोखीम कोणीं पत्करली ? हातच्या, ठरलेल्या टाळ्या धोक्यांत घालून ज्यानें नवा सूर धरला, त्यानें कांहींही विकलें नाहीं. त्यानें पदरचें खर्च केलें. जोखीम टाळण्यासाठीं ज्यानें सूर बदलला, किंवा जोखीम टाळण्यासाठींच जो तो बदलण्यास धजला नाहीं, त्याची चौकशी अवश्य व्हावी.

ही कसोटी लावून पाहूं. १९११ मध्यें किर्लोस्कर मंडळीजवळ 'शाकुंतल' आणि 'सौभद्र' हीं खात्रीचीं नाटकें होतीं. तेंच तें करीत राहिली असती, तर तिला कोणीं नांवें ठेविलीं नसतीं. १ जुलै १९३३ रोजीं मुंबईस नाट्यमन्वंतर या संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' हें नाटक आणलें. केशवराव भोळे यांनीं त्यांत मोजकींच पदें ठेवून त्यांस भावगीताचें वळण दिलें. तान-आलापांस सोकावलेल्या प्रेक्षकापुढून नेमकें तेंच ताट उचलणें हा व्यापाऱ्याचा हिशेब खास नव्हे. संस्था अल्पायुषी ठरली, परंतु वाट पडली. अभिषेकींचेंही तसेंच. ख्यालाची रीतसर तालीम घेतलेला हा गवई. जुन्या धाटणीनें नाट्यगृह डोलविणें त्यांस कांहीं जड नव्हतें. तरी १९६४ च्या 'मत्स्यगंधे'पासून त्यांनीं पद आटोपशीर केलें आणि प्रसंगास बांधलें. १९६७ च्या 'कट्यार काळजांत घुसली' या नाटकाचा तर विषयच हा, कीं घराण्याची विद्या अभिमानाच्या कुलुपांत ठेवावी कीं योग्य शिष्यास द्यावी. तेथें दोन गायकींचा सामना दाखवावयाचा, म्हणून चालीही दोन स्वभावांच्या हव्या होत्या, आणि त्या तशा झाल्या. हा बदल नाटकानें मागितलेला होता. आजोबांस हें कधींच कळलें नाहीं, कारण पद संपेपर्यंत त्यांनीं यंत्र चालूं ठेविलेंच नाहीं. ज्या घराण्याच्या अभिमानाची ती कथा, तोच अभिमान आमच्या ओटीवर खुर्ची टाकून बसला होता !

यावर कोणी विचारील, कीं मग विक्री अशी कधीं होतच नाहीं काय ? प्रत्येक बदल पवित्रच मानावयाचा काय ? तसें आमचें म्हणणें नाहीं. कोल्हटकरांच्या पदांवर असा आक्षेप घेतला जातो, कीं चाल आधीं ठरली आणि शब्द तिच्यामागें ओढले गेले. त्यांत तथ्य आहे. ऐकणाऱ्यास अर्थ लावीत बसावें लागतें. पण ही निवड फसली असें म्हणावें. फसगत आणि फसवणूक यांत अंतर आहे. खरी विक्री, आमच्या समजुतीप्रमाणें, बहुधा बदलण्यांत नव्हे तर न बदलण्यांत होते. गंधर्व मंडळीच्या भरभराटींत रात्रीं सुरू झालेलें नाटक 'वन्स मोअर'च्या गजरांत पहाटेपर्यंत चाले. गाणें दैवी होतें, यांत शंका नाहीं. परंतु एका ओळीसाठीं रुक्मिणी पुन्हां पुन्हां थांबे, आणि कथानक विंगेंत ताटकळत उभें राही.

म्हणून बालगंधर्वांनीं इमान विकलें, असें म्हणण्यास आमची जीभ धजणार नाहीं. उलट त्यांच्या आयुष्यांतील एक प्रसंग वेगळेंच सांगतो. १९३५ मध्यें प्रभातच्या 'धर्मात्मा' या बोलपटांत ते एकनाथांच्या भूमिकेंत, म्हणजे पुरुषवेषांत, आले. शालू नेसलेली त्यांची मूर्ति डोळ्यांत साठविलेल्या प्रेक्षकास तें रूप रुचलें नाहीं. आणि पुढें उतारवयांतही बालगंधर्व स्त्रीवेषांतच रंगभूमीवर उभे राहिले. येथें कलावंत बदलूं पाहत होता. त्यास बदलूं न देणारें गिऱ्हाईक समोर बसलें होतें. तें गिऱ्हाईक म्हणजे आमचे आजोबा आणि त्यांच्यासारखे हजारों सज्जन रसिक.

हें केवळ महाराष्ट्रांतच घडतें असें नाहीं. २५ जुलै १९६५ रोजीं अमेरिकेंत न्यूपोर्ट येथील लोकसंगीताच्या उत्सवांत बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हां कित्येकांनीं त्याची हुर्यो केली. पुढच्या वर्षीं मँचेस्टर येथील मैफलींत एकानें त्यास 'जूडास' म्हणून हांक मारली. तीस नाण्यांसाठीं ख्रिस्तास विकणारा तो हा जूडास. पण सबंध रात्र जुनींच गाणीं जुन्याच गिटारवर म्हणून टाळ्या घेणें, हाच त्या वेळीं डिलनला सोपा धंदा होता. त्यानें तो नाकारला, आणि नाण्यांचा आरोप त्याच्यावरच आला.

आतां पुतण्याच्या मेटॅलिकाविषयीं. १९९१ मध्यें त्यांनीं गाणीं आखूड केलीं, हा आम्ही गुन्हा मानीत नाहीं. ज्या अवघडपणासाठीं त्यांचे भक्त त्यांना पूजीत होते, तोच त्यांनीं खालीं ठेविला. त्यांत जोखीम होती. प्रती अमाप खपल्या हें पुढचें फळ. झाड लावतांना तें हातीं नव्हतें. आमच्या कसोटीनें चौकशीच करावयाची, तर त्या संग्रहांतील 'एंटर सँडमन' हें गाणें त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्या बहुतेक प्रत्येक मैफलींत वाजत आहे, त्याची करावी. तें कोणासाठीं वाजतें ? त्यांना वाजवावेंसें वाटतें म्हणून, कीं समोरच्या पन्नास हजारांनीं त्याचेंच तिकीट काढलें आहे म्हणून ? उत्तर त्यांनींच द्यावें. पण प्रश्न विचारण्याची खरी जागा ही आहे. आणि तेथें विक्रेत्याच्या शेजारीं खरेदीदारासही उभें करावें लागतें.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांत गाणारीं-वाजविणारीं मुलें असतील. आपणच त्यांस एका रागांत, एका गायकींत, एका आवडींत बसवितों, आणि तीं तेथून हललीं, कीं बाटलीं म्हणतों. एखाद्या कलावंतानें सूर बदलला, तर तो आवडलाच पाहिजे असा नियम नाहीं. तो पुरा ऐकावा, नाटकास किंवा गाण्यास तो हवा होता काय हें पाहावें, आणि मग खुशाल नापसंत म्हणावें. 'आवडलें नाहीं' हें सरळ वाक्य बोलण्याचें धैर्य नसतें, म्हणूनच आपण 'विकला गेला' या वाक्याचा आश्रय करतों.

एवढें बोलून झाल्यावर आम्हीं पुतण्यास विचारलें, "अरे, तुझ्या त्या मित्राला ढोलकी हवी होती, ती कशासाठी ? गाण्याला हवी म्हणून, की उद्या लग्नाच्या वरातीत बोलावणं यावं म्हणून ?"

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ते मी त्याला विचारलंच नाही, काका."

मागील खोली अद्याप बंदच आहे. पण काल संध्याकाळीं किल्ली खुंटीवर नव्हती.