‘सर्वानुमते मंजूर’ वाचताना

शहापूर-मुरबाडच्या ग्रामसभांवर संशोधन करायचं असेल, तर इतिवृत्तातलं ‘ठराव सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य डोळे झाकून उतरवून घेऊ नका. कधी त्यामागे खरी सहमती असते, कधी कुणी काही बोललेलंच नसतं.

सहमतीसाठी आपण गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव घेतो. तिथे आधी अभ्यासगटात चर्चा होते आणि एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो. हे थांबणं मात्र आपण सोयीने विसरतो.

वनहक्क नियमांची वाट वेगळी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनुसार गणपूर्तीला निम्मे सभासद लागतात, हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि दाव्यांचा ठराव साध्या बहुमताने होतो. हात मोजले की विरोध निदान नोंदवता येतो. पण मोठ्या गावात कातकरी वाडीचे हात कमीच पडणार.

शिवाय ज्याच्या वीटभट्टीवर उद्या कामाला जायचंय, त्याच्यासमोर हात वर होईल का? माझ्या मते सहमती की मतदान, हा प्रश्न नंतरचा. आधी बघा, सभेत गप्प कोण होतं आणि ‘नाही’ म्हणणं त्याला परवडणारं होतं का. इतिवृत्तात हे सापडणार नाही. त्यासाठी वाडीवरच जावं लागेल.