मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणमीमांसा : एक चिकित्सा

अशोकाचा मृत्यू इ. स. पू. २३२ च्या सुमारास झाला, इ. स. पू. १८५ च्या सुमारास सेनापती पुष्यमित्राने सैन्यदर्शनाच्या प्रसंगी बृहद्रथाचा वध केला. या दोन घटनांत अवघ्या अर्धशतकाचे अंतर आहे. कंदाहारपासून कर्नाटकापर्यंत ज्याची शासने कोरली गेली, ते साम्राज्य इतक्या अल्पावधीत लयास का गेले, या प्रश्नाची जी उत्तरे आजवर दिली गेली त्यांची परीक्षा येथे अभिप्रेत आहे.

महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली ब्राह्मणी प्रतिक्रियेचा सिद्धान्त मांडला. पशुयज्ञावरील बंदी, धर्ममहामात्रांची नेमणूक आणि दंडसमता व व्यवहारसमता यांचा पुरस्कार यांमुळे ब्राह्मणवर्ग दुखावला, असे त्यांचे प्रतिपादन होते. लघुशिलालेखातील एका शब्दाचा 'मृषा' असा अर्थ लावून, अशोकाने भूदेवांना खोटे ठरविले, असेही त्यांनी मानले. तथापि तो शब्द 'मिश्र' या शब्दापासून आलेला आहे, हे १९१५ साली सापडलेल्या मस्कीच्या लेखातील पाठाने स्पष्ट झाले. शिवाय ब्राह्मण व श्रमण या दोघांचाही आदर करावा, असे अशोकाचे लेख वारंवार सांगतात. आणि ज्या राजवटीत पुष्यमित्रासारखा ब्राह्मण सेनापतिपदावर चढू शकला, तिला ब्राह्मणद्वेष्टी कसे म्हणावे?

शास्त्रींचे खंडन करणाऱ्या हेमचंद्र रायचौधुरी यांनी दोष अशोकाच्या अहिंसेच्या माथी मारला. भेरीघोषाचा धर्मघोष झाल्यामुळे सैन्य निस्तेज झाले, असा त्यांच्या मताचा आशय आहे. परंतु तेराव्या शिलालेखात पश्चात्तापदग्ध सम्राट आटविकांना आपल्या सामर्थ्याची स्पष्ट जाणीव देतो. चौथ्या स्तंभलेखात वध्य कैद्यांना तीन दिवसांची मुदत मिळते, देहदंड मात्र रद्द होत नाही. सैन्य मोडल्याचा निर्देश कोठेही नाही. दोन्ही विद्वान परस्परविरोधी वाटले, तरी साम्राज्याचे भवितव्य एका राजाच्या धर्मनिष्ठेवर टांगणे हा दोष दोघांतही समान आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हा प्रश्न चरित्रातून काढून अर्थव्यवहारात आणला, हे त्यांचे मोठे कार्य होय. आहत नाण्यांचे वजन व धातू तपासून, उत्तरकालीन नाण्यांत तांब्याची भेसळ वाढल्याचे त्यांनी दाखविले. द्रव्याच्या लोभाने मौर्यांनी मूर्ती घडविल्या, हा पतंजलीचा उल्लेखही त्यांच्या मतास पोषक ठरतो. मात्र आहत नाण्यांवर राजाचे नाव नसते. कोणती चिन्हे कोणत्या राजाची, हे अनुमानच आहे. त्यातही हीन चांदी हे कोशरिक्ततेचे लक्षण असू शकते, तसेच चलनाची मागणी वाढल्याचेही.

रोमिला थापर यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात राजनिष्ठेवर आधारलेल्या केंद्रीभूत नोकरशाहीकडे लक्ष वेधले. पण केंद्रीकरणाची ती कल्पना त्यांनी स्वतःच १९८० नंतरच्या लेखनात शिथिल केली. मगध हे केंद्र, त्याखाली काही महत्त्वाचे प्रदेश आणि त्यांभोवती सैल बांधलेला परिघ, असे चित्र त्यांनी पुढे मांडले. अर्थशास्त्र हा एकाच हातचा ग्रंथ नव्हे, असे ट्राउटमन यांनी १९७१ साली दाखविल्यावर, त्याच्या आधारे रंगविलेली एकसंध शासनयंत्रणाही संशयास्पद ठरते. शिलालेखांची स्थाने हेच सुचवितात : सोपारा हे बंदर, मस्कीच्या परिसरातील सुवर्णक्षेत्र, वायव्येकडील व्यापारी मार्ग.

या दृष्टीने कलिंगातील स्वतंत्र लेख सर्वांत बोलके आहेत. अधिकारी निष्कारण लोकांना बंधनात टाकतात, याची सम्राटाला चिंता आहे. म्हणून दर पाच वर्षांनी तपासणीस महामात्र पाठविण्याची तो व्यवस्था करतो; उज्जयिनी व तक्षशिला येथून मात्र तीन वर्षांहून अधिक काळ जाऊ देऊ नये, असे बजावतो. म्हणजे परमोत्कर्षाच्या काळीही केंद्राची नजर प्रांतात कधीमधीच पोहोचत होती. इ. स. पू. २०६ मध्ये तिसऱ्या अँटिओकसने वायव्येत सुभागसेन नावाच्या राजाशी मैत्रीचे नूतनीकरण केले, असे पॉलिबिअस सांगतो. पाटलिपुत्रात मौर्य राजा असतानाच हा प्रांत हातचा गेला होता, असे यावरून दिसते.

तात्पर्य, पुष्यमित्राच्या खड्गाने साम्राज्य नव्हे, तर त्याचा उरलेला गाभा छेदला. जे कधी घट्ट विणलेलेच नव्हते, ते का उसवले, असे विचारण्यापेक्षा ते इतकी वर्षे कशाने एकत्र राहिले, हा प्रश्न अभ्यासकाने आधी विचारला पाहिजे.