मजबुतीचं कौतुक पुरे, झोल मोजा

मंडळी, आज टीका करायची आहे ती एका तारेवर. पुस्तकावर, नाटकावर टीका होते, मग वस्तूवर का होऊ नये? वस्तूबद्दल जे सांगितलं जातं आणि ती प्रत्यक्षात जे करते, त्यात अंतर असतं. ते अंतर मोजणं एवढंच आमचं काम.

उच्चदाब वाहिनीच्या नेहमीच्या तारेत मधोमध पोलादाचे पेड असतात, भोवती ॲल्युमिनियमचे. वीज मुख्यतः ॲल्युमिनियम नेतं, वजनाचा मोठा वाटा पोलाद पेलतं. अमेरिकेतल्या थ्रीएम कंपनीने त्या पोलादाच्या जागी ॲल्युमिनियमची अशी तार बसवली, जिच्या पोटात ॲल्युमिनाचे, म्हणजे सिरॅमिकचे, अखंड तंतू आहेत. एकेक तंतू १० ते १२ मायक्रॉन जाडीचा, आणि गाभ्याच्या एका तारेत असे २५ हजारांहून जास्त. बाहेरचे पेड झिर्कोनियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमचे, तापले तरी मऊ न पडणारे. कपबशीच्या जातीचा पदार्थ दोन टॉवरमध्ये तार ताणून धरतो, हे ऐकून कुणालाही अचंबा वाटेल. आम्हालाही वाटला होता.

म्हणूनच या तारेची ओळख सगळीकडे एकाच शब्दाने होते: मजबूत. आमचा पहिला आक्षेप इथेच आहे. तिच्या गाभ्याची ताणशक्ती साधारण १,४०० मेगापास्कल; चांगल्या पोलादी गाभ्याचीही जवळपास तेवढीच. वजन मात्र पोलादाच्या निम्म्याहून कमी, हा फायदा खरा. पण वाहिनीचा रोजचा प्रश्न तार तुटण्याचा नसतोच. प्रश्न असतो तार लोंबण्याचा, म्हणजे झोलाचा.

थोडं गणित करू, कंटाळू नका. दोन टॉवरमध्ये ३०० मीटर अंतर, मध्यभागी ८ मीटर झोल. पोलादाचा गाभा ३० अंशांनी तापला की तार साधारण १० सेंटिमीटरने लांबते. तीनशे मीटरमध्ये दहा सेंटिमीटर म्हणजे काय, असं वाटतं. पण मध्यभागी ती सुमारे ६८ सेंटिमीटर खाली येते! (लोंबल्यावर ताण घटतो आणि तार किंचित आखडते, तेवढं इथे सोडून दिलंय.) सिरॅमिक तंतूंचा गाभा पोलादाच्या जवळपास निम्माच प्रसरण पावतो, म्हणून तिथे हाच आकडा ३७-३८ सेंटिमीटर. आपल्याकडे ४०० केव्हीच्या तारेखाली जमिनीपर्यंत किमान ८.८४ मीटर अंतर लागतं. खाली शेत असेल, रस्ता असेल, ऊस भरलेली ट्रॉली जात असेल. तार किती भार नेऊ शकते हे बहुतेक वेळा या अंतरावर ठरतं. नेहमीची तार ७५-८० अंशांपर्यंत चालवतात. ही २१० अंशांवर सतत चालवता येते. तिची कमाई ही आहे. तंतू किती ताण सोसतात हे सांगून ती कळत नाही.

आता दुसरा, आमच्या मते मोठा आक्षेप. अशा तारांची चर्चा निघाली की कुणीतरी १४ ऑगस्ट २००३ ची आठवण काढतोच. त्या दुपारी ओहायोत ३४५ केव्हीच्या तीन लाइन झाडांना टेकून एकामागून एक बंद पडल्या, ३ वाजून ५ मिनिटं ते ३ वाजून ४१ मिनिटं एवढ्या वेळात. संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडातले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. ‘बघा, तारा लोंबल्या म्हणून झालं.’ असं? पहिली लाइन पडली तेव्हा तिच्यावर क्षमतेच्या निम्म्याहून कमी भार होता. दुसरी-तिसरीही मर्यादेच्या आतच होती. म्हणजे तारा जेवढं लोंबायला हव्यात तेवढ्याच लोंबल्या. झाडं नको तेवढी वाढली होती. दोन्ही देशांच्या संयुक्त चौकशी पथकाने एप्रिल २००४ च्या अंतिम अहवालात झाडं न छाटल्याचा दोष स्पष्ट नोंदवला. जे काम कोयत्याने व्हायला हवं होतं, ते न केल्याचा दाखला सिरॅमिकच्या बाजूने कसा देता येईल? देखभालीचा पैसा वाचवून त्याच पैशाची महागडी तार टांगायची, हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

तिसरी गोष्ट खर्चाच्या कागदावर दिसत नाही. प्रवाह दुप्पट केला की तारेत वाया जाणारी वीज चौपट होते. शिवाय ७५ अंशांवरून २१० अंशांवर गेलेल्या ॲल्युमिनियमचा रोध ४० टक्क्यांनी वाढतो. दोन्ही मिळून नुकसान साडेपाचपट. शेजारची लाइन बंद पडली आणि चार तास भार उचलायचा आहे, तर जरूर उचला. वर्षभर रोज तसंच चालवायचं म्हणजे आभाळ तापवायचं.

आणि हाताळणी? पोलाद तुटण्याआधी तीन-चार टक्के ताणलं जातं. हा गाभा एक टक्काही ताणला जात नाही, त्याआधीच तुटतो. तार ओढताना मोठ्या व्यासाच्या पुल्या लागतात, टोकांना खास फिटिंग लागतात, आणि वर्षानुवर्षं पोलादाची तार वाकवलेल्या लाइनमनला हात नव्याने शिकवावा लागतो.

मग ही तार वाईट का? मुळीच नाही. मिनेसोटात एक्सेल एनर्जीने २००५ मध्ये ११५ केव्हीच्या सुमारे १६ किलोमीटर लाइनवर ती घातली. भोवती महानगराची वस्ती, भार वाढलेला, मोठे टॉवर उभारायचे नव्हते. जुन्याच टॉवरवरून नवी तार गेली आणि क्षमता वाढली. नदीचं रुंद पात्र, दलदल, टॉवरसाठी जागाच न मिळणारं शहर, अशा ठिकाणी तिची किंमत वसूल होते. तेव्हा कुणी अशा तारेचा प्रस्ताव घेऊन आलं, तर ताणशक्तीचा तक्ता नंतर बघू. आधी तिच्या वाटेवरच्या झाडांची शेवटची छाटणी कधी झाली, आणि वर्षातले किती तास ती शंभर अंशांच्या वर चालणार आहे, हे विचारा.