तबकडी फिरवण्याचे पैसे

काम एवढंच आहे: एक तबकडी मिनिटाला ३३⅓ वेळा फिरवायची, गती जराही हलू द्यायची नाही आणि फिरवताना आपला आवाज करायचा नाही. हे काम करणारं यंत्र ऑनलाइन सेलमध्ये काही हजारांत मिळतं. हेच काम करणाऱ्या टेकडास या जपानी कंपनीच्या एअर फोर्स झीरोची किंमत चार लाख डॉलरच्या पुढे जाते, आणि वजन साडेतीनशे किलोच्या घरात. तेवढ्यात पुण्यात बरा फ्लॅट येतो, वर पार्किंगही. आणि त्या फ्लॅटच्या स्लॅबला हे यंत्र झेपेल का, हा प्रश्न उरतोच.

श्रीमंतांच्या खेळण्यांवर हसणं सोपं आहे, पण मला ते करायचं नाही. मला ही यंत्रं आवडतात. गेली काही वर्षं मी त्यांची परीक्षणं जेवढी वाचली, तेवढी कादंबऱ्यांचीही वाचली नसतील. आणि माझी तक्रार यंत्रांपेक्षा या परीक्षणांबद्दल जास्त आहे. प्रत्येक नवं टर्नटेबल आलं की परीक्षकाला गाणाऱ्या बाईसमोरचा एक पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतं. पन्नास वर्षांत इतके पडदे बाजूला झालेत, की ती बाई एव्हाना आपल्या सोफ्यावर येऊन बसायला हवी होती.

या पंथाचं आद्यपीठ म्हणजे लिन सॉन्डेक एलपी१२. ग्लासगोच्या आयव्हर टिफेनब्रुन यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आणलं आणि सोबत एक सिद्धांतही आणला. तोवर सगळे म्हणायचे, पैसे स्पीकरवर घाला, आवाज तिथून येतो. टिफेनब्रुन म्हणाले, उलट. तबकडीच्या खाचेतून जे उचललंच गेलं नाही, ते पुढचा कुठला ॲम्प्लिफायर आणि कुठला स्पीकर देणार? आपल्याकडे हे सांगायला यंत्र लागत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! पण हाय-फायच्या जगात हा विचार नवा होता, आणि तो बरोबरही होता. एलपी१२ मध्ये प्लॅटर आणि टोनआर्म तीन स्प्रिंगांवर तरंगतात, मोटरची थरथर रबरी पट्टा अडवतो. खाचेतली नागमोडी वळणं काही ठिकाणी डोळ्यांनी दिसणारसुद्धा नाहीत इतकी बारीक असतात. त्यामुळे शेजारच्या खोलीतलं पाऊलही सुईला ऐकू जातं, आणि ते तिला ऐकू जाऊ नये यासाठी केलेली ही रचना आहे. १९७० च्या दशकात घेतलेल्या एलपी१२ ला आजचे सुटे भाग बसतात, हे मला तिचं सगळ्यात मोठं मोठेपण वाटतं. आपला फोन चार वर्षांत म्हातारा होतो.

पण सिद्धांताची श्रद्धा झाली की परीक्षा द्यावी लागते. डिजिटल ध्वनिमुद्रण संगीताचा जीव घेतं, असं टिफेनब्रुन ठामपणे सांगत. १९८४ मध्ये स्टॅन्ली लिपशिट्झ या कॅनडातल्या प्राध्यापकांनी त्यांची चाचणी घेतली. रेकॉर्ड वाजत असताना मध्येच सोनीचा एक डिजिटल प्रोसेसर जोडायचा किंवा काढायचा, आणि आत्ता तो जोडलेला आहे की नाही हे फक्त ऐकून सांगायचं. टिफेनब्रुनना ते सांगता आलं नाही. ते चाचणीला बसले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. त्यांची री ओढणारे बहुतेक जण बसलेच नाहीत. आणखी एक गंमत म्हणजे २०१७ मध्ये लिनने एलपी१२ च्या पोटात बसणारा उरिका टू नावाचा भाग आणला. तो सुईकडून आलेला सिग्नल थेट डिजिटल करतो. म्हणजे मठ तोच, देव बदलला. २०२३ मध्ये पन्नाशीनिमित्त या यंत्राची २५० नगांची खास आवृत्ती निघाली. रचनेत आयफोनवाले जोनी आइव यांच्या कंपनीचा हात, किंमत ५० हजार पौंड.

लिपशिट्झ यांची चाचणी जुनी झाली म्हणणाऱ्यांसाठी २०२२ उजाडलं. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकेतली कंपनी जुन्या मास्टर टेपवरून महागड्या एलपी काढते. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४० हजार प्रती ती तिच्या सर्वात खर्चिक पद्धतीने काढणार, असं जाहीर झालं. काही लोकांनी साधा हिशोब केला: इतक्या प्रती काढायच्या तर मूळ टेप किती वेळा चालवावी लागेल? फीनिक्समधल्या एका रेकॉर्ड-दुकानदाराने हे उघडपणे विचारलं, आणि थोड्याच दिवसांत कंपनीच्या इंजिनिअरांनी कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की मधली पायरी डिजिटल आहे, आणि २०११ पासून आहे. अकरा वर्षं! जगातली सगळ्यात महागडी टर्नटेबलं, सगळ्यात शिकलेले कान, आणि या रेकॉर्डी ‘अस्सल ॲनालॉग कसं असतं ते ऐका’ म्हणून दाखवल्या जात होत्या. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, पैसे परत द्यावे लागले.

यावरून ऑडिओफाइल लोक बहिरे आहेत, असा निष्कर्ष बऱ्याच जणांनी आनंदाने काढला. मला तो पटत नाही. त्या रेकॉर्डी खरंच सुंदर वाजतात. कानाने दिलेला निकाल बरोबर होता, चूक कारणात होती. चांगलं वाजतंय ते ॲनालॉग आहे म्हणून, असं त्यांनी धरून चाललं. ते वाजत होतं मास्टरिंग करणाऱ्याने मन लावून काम केलं होतं म्हणून. समीक्षकाने यावरून शिकावं असं बरंच आहे, आणि मी फक्त हाय-फायच्या समीक्षकांबद्दल बोलत नाही.

टेक्निक्सच्या एसएल-१२०० ची गोष्ट याच्या उलटी, आणि माझ्या मते जास्त बोलकी. १९७२ चं हे जपानी यंत्र. पट्टा नाही, मोटरच थेट प्लॅटर फिरवते. १९७९ च्या मार्क टू आवृत्तीत क्वार्ट्झचं नियंत्रण आणि गती कमीजास्त करायची सरकपट्टी आली. गतीतली अस्थिरता ०.०२५ टक्के, धरून थांबवलं तरी सोडताच क्षणात मूळ गतीवर. ब्राँक्समधल्या काळ्या आणि लॅटिनो पोरांनी थेट मोटरच्या या जपानी यंत्रांना वाद्य केलं. हाताने तबकडी मागेपुढे ओढून त्यांनी जे काढलं, त्यातून आजचं निम्मं पॉप संगीत आलंय. पस्तीस लाखांच्या आसपास नग खपले. आणि या सगळ्या काळात ऑडिओफाइल मंडळी नाक मुरडत होती: छे, ते डीजेंचं! २०१० मध्ये उत्पादन बंद झालं. २०१६ मध्ये तेच रूप, नवी मोटर, जड प्लॅटर आणि चार हजार डॉलर किंमत घेऊन एसएल-१२००जी आलं आणि त्याच मंडळींना थेट मोटरचं सौंदर्य दिसू लागलं. मोटर सुधारली हे खरं. पण इतकी वर्षं नाक जे मुरडलं जात होतं ते मोटरकडे बघून नव्हतं, एवढं आता कळायला हरकत नाही.

आता माझा मुख्य मुद्दा. यंत्र कितीही अचूक फिरो, तबकडीचं भोक मधोमध नसेल तर काय? खूप रेकॉर्डींचं नसतं. आपल्याकडे छापलेल्या जुन्या एलपींमध्ये तर मला ते वारंवार दिसलंय. समजा, भोक अर्ध्या मिलिमीटरने सरकलंय. एलपीच्या शेवटी सुई केंद्रापासून सुमारे सहा सेंटिमीटरवर असते. तिथे सूर एका फेरीत ०.८ टक्क्याने चढतो आणि तेवढाच उतरतो. वर सांगितलेल्या ०.०२५ शी ताडून पाहा. मोजण्याच्या पद्धतीतला फरक धरला तरी हे कित्येक पट आहे. ड्रमवर हे लपून जाईल. तानपुऱ्यावर नाही. फेरी १.८ सेकंदांची, म्हणजे दर १.८ सेकंदांनी तुमचा षड्ज डुलतो. ख्याल ऐकणाऱ्याइतकी टर्नटेबलची कठोर परीक्षा कोणी घेत नाही, आणि तरीही परीक्षणांत कायम जॅझ पियानो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नाकामिची या कंपनीने टीएक्स-१००० नावाचं टर्नटेबल काढलं होतं. त्यात एक वेगळा हात तबकडीच्या शेवटच्या खाचेवरून तिचं खरं केंद्र शोधायचा आणि वरचा प्लॅटर सरकवून ती नीट मध्यावर आणायचा. या धंद्यात कानाला खरोखर ऐकू येणारा दोष इतक्या सरळपणे हाताळणारी यंत्रं बोटांवर मोजण्याइतकी. ते चाललं नाही. महाग होतं, आणि सीडी दारात उभी होती. पण नंतर ज्यांनी याहून महाग यंत्रं बनवली, त्यांतल्या बहुतेकांनी पैसे वजनात घातले. वजन फोटोत दिसतं.

आणि ७८? अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर यांच्या ऐन उमेदीतलं गाणं लाखेच्या तबकड्यांवर आहे, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. त्यासाठी सुईचं टोक एलपीच्या सुईच्या जवळजवळ चौपट रुंद लागतं आणि यंत्राला ती गती असावी लागते. मूळ एलपी१२ फक्त ३३⅓ ला फिरायची. लाखेची तबकडी लाखांच्या यंत्रावर वाजत नाही. शिवाय जुन्या सगळ्या ‘७८’ अगदी ७८ च्याच नसतात. मुद्रणाच्या वेळची गती थोडी इकडेतिकडे असायची. गायकाचा खरा सूर हवा तर गती बोटाने जुळवावी लागते. म्हणजे डीजेंची म्हणून हिणवलेली ती सरकपट्टी बालगंधर्वांच्या कामाची आहे! मार्क टूवर ७८ नव्हतं, पण २०१६ नंतरच्या टेक्निक्सवर आहे. मला कोणी कुठलं घ्यावं विचारलं तर मी तेच सांगतो आणि काही चेहरे पडलेले बघतो.

दुसरं नाव गॅरार्ड ३०१. इंग्लंडमधल्या स्विंडनचं, १९५४ चं, बीबीसीच्या स्टुडिओंत राबलेलं. मोटर आणि प्लॅटर यांच्यामध्ये रबरी चाक, त्यामुळे थोडी घरघर. पण ३३, ४५, ७८ तिन्ही गती आणि वर बारीक फरक करायची सोय. याच्यात एक पुणेरी धागाही आहे. टोनआर्मसाठी नावाजलेली ससेक्समधली एसएमई कंपनी २०१६ मध्ये पुण्याच्या अजय शिर्के यांच्या केडन्स समूहाने घेतली, पुढे गॅरार्डही त्यांच्याकडे आली आणि ३०१ नव्याने विक्रीला आलं. मालकी पुण्याची झाली तरी परीक्षणांतली रेकॉर्ड अजून जॅझचीच. कोणी तरी त्यावर ‘नाथ हा माझा’ लावून लिहायला हवं होतं.

(१९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून केसरबाई केरकरांची भैरवी अवकाशात गेली, तीही तबकडीवरच. नासाने सोबत सुई दिली, कार्ट्रिज दिलं, एका फेरीला ३.६ सेकंद लागायला हवेत हे चित्रातून सांगितलं. टर्नटेबल मात्र दिलं नाही. ते ज्याचं त्याने करायचं.)

पुण्यातच माझ्या मित्राच्या एका काकांकडे असं यंत्र आहे, नाव आणि किंमत त्यांनी सांगू नको म्हटलंय. मी चोरबाजारातून घेतलेली एक यमनची एलपी त्यांच्याकडे घेऊन गेलो होतो. लावली, आणि तानपुरा डुलायला लागला. माझ्या घरच्या स्वस्त यंत्रावर डुलायचा तसाच, फक्त इथे जास्त स्पष्ट. काका काही बोलले नाहीत. त्यांनी रेकॉर्ड काढली, खणातून एक गोल कानस आणली आणि भोकाची एक बाजू हळूहळू घासली. मग तबकडी परत ठेवली, चष्मा कपाळावर घेतला, प्लॅटरशी डोळे आणून टोनआर्म किती झुलतोय ते पाहिलं, तबकडीच्या कडेला बोटाने एक टिचकी मारली, पुन्हा पाहिलं, आणखी एक टिचकी मारली. चौथ्या-पाचव्या खेपेला आर्म स्थिर झाला. “आता बस,” ते म्हणाले, आणि आतून चहा आणायला सांगितला.