गळा आणि दहा बोटं

ब्लूज किंवा जॅझ गाणारा कलावंत स्वतःच पियानोवर बसला की गाणं आणि साथ यांतलं अंतर मिटतं. साथीदार कितीही तयारीचा असला, तरी गायकाच्या श्वासाचा त्याला अंदाजच घ्यावा लागतो. इथं ओळ कुठं रेंगाळणार आणि कुठं तुटणार, हे बोटांना गळ्याबरोबरच ठाऊक असतं. आज ही कला मैफलीत टिकून आहे. नव्या अल्बममध्ये मात्र ती पातळ होत चालली आहे.

तिचं मर्म पियानोच्या एका उणिवेत आहे. ब्लूजचा जीव दोन पट्ट्यांमधल्या सुरात असतो आणि पियानोला तो वाजवता येत नाही. याच कारणानं आपल्याकडे पेटीवर आक्षेप घेतले गेले आणि १९४० मध्ये आकाशवाणीनं तिला दाराबाहेर ठेवलं. ब्लूजच्या पियानोवादकांनी वेगळा मार्ग काढला. ते काळ्या पट्टीवरून पांढरीवर बोट घसरवतात, शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबतात. वाद्य त्या सुराच्या कडेपर्यंत नेतं आणि पुढं गळा जातो. १९२८ मध्ये लेरॉय कारनं 'हाउ लाँग, हाउ लाँग ब्लूज' रेकॉर्ड केलं, त्यात ही वाटणी स्वच्छ ऐकू येते.

बाजारानं ही जोडी फार लवकर फोडली. पियानो, गिटार आणि बास एवढ्यावर नॅट किंग कोलनं १९३७ मध्ये त्रिकूट उभं केलं. तो अव्वल दर्जाचा वादक होता. पण 'मोना लिसा'सारख्या गाण्यांनी अफाट यश दिलं आणि तो पियानोवरून उठून वाद्यवृंदासमोर उभा राहिला. गायक म्हणून तो मोठा झाला, पण जॅझनं एक पियानोवादक गमावला. नीना सिमोनच्या बाबतीत उलट घडलं. तिला पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची पियानोवादक व्हायचं होतं. १९५४ मध्ये अटलांटिक सिटीतल्या एका बारमध्ये नोकरी टिकवायची तर गावं लागेल, असं तिला सांगण्यात आलं. तिनं गाण्याखाली बाखची वीण घातली आणि पुढंही पियानो सोडला नाही.

माझ्या लेखी या कलेचं शिखर वॉशिंग्टनची शर्ली हॉर्न. १९६० च्या सुमारास माइल्स डेव्हिसनं तिला न्यूयॉर्कला बोलावून व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये आपल्या कार्यक्रमाआधी गायला लावलं. तिची लय इतकी विलंबित असे, की दुसऱ्या कुणाच्या हातात ते गाणं कोसळलंच असतं. शब्द संपला की ती थांबे आणि बऱ्याच वेळानं एकच स्वरगुच्छ ठेवी. त्या थांबण्यातच गाण्याचा अर्थ उलगडे. पुढं मधुमेहानं तिचं पाऊल गेलं आणि पियानोचं पेडल दाबणं अशक्य झालं. २००३ च्या 'मे द म्युझिक नेव्हर एंड'मध्ये पियानोवर दुसरे वादक आहेत. ते उत्तमच वाजवतात, तरीही तिच्या शांततेला लागून येणारा तिचा हात तिथं नाही, हे क्षणोक्षणी जाणवतं.

आजच्या कलावंतांत डायना क्रॉलची तयारी निर्विवाद आहे. १९९६ चा 'ऑल फॉर यू' तिनं कोलच्या त्रिकुटाला अर्पण केला आणि तो त्या मानाला साजेसा आहे. 'द लुक ऑफ लव्ह'मध्ये मात्र क्लाउस ओगरमनच्या व्हायोलिनांच्या लाटेखाली तिची बोटं जवळजवळ हरवतात. त्याच काळातला 'लाइव्ह इन पॅरिस' ऐका. ऑलिंपिया सभागृहात ती फक्त पियानो घेऊन जोनी मिचेलचं 'अ केस ऑफ यू' गाते, तेव्हा या बाईत किती दम आहे ते कळतं.

नोरा जोन्सच्या २००२ च्या पहिल्या अल्बममध्ये पियानो हलका, पण नेमका होता. २०२४ च्या 'व्हिजन्स'मध्ये ठेका आणि एकावर एक चढवलेले आवाज पुढं आले आहेत. जॉन बॅटिस्ट गातोही आणि वाजवतोही विलक्षण. पण 'बेटोव्हन ब्लूज'मध्ये त्यानं गळा बाजूला ठेवला, तर गाण्यांच्या अल्बममध्ये पियानो अनेक वाद्यांतलं एक वाद्य होतो. तो ज्या न्यू ऑर्लिन्सचा, तिथले ॲलन टूसाँ, फॅट्स डॉमिनो आणि डॉक्टर जॉन २०१५ ते २०१९ या काळात एकामागून एक गेले. त्या परंपरेचा भार आता त्याच्यावर आहे. म्हणूनच गळा आणि पियानो एकत्र आणणारा अल्बम मला त्याच्याकडून हवा आहे.

दौऱ्यात मात्र लपायला जागा नसते. गिटारवादक आपलं वाद्य सोबत नेतो. पियानोवाल्याला गावोगावी मिळेल त्या पियानोशी जुळवून घ्यावं लागतं. कुठं पट्ट्या जड, कुठं वरचे सूर कर्कश. मग गाण्याची गती बदलते, कधी पट्टीही बदलते, आणि स्टुडिओत घोटून गुळगुळीत झालेलं गाणं पुन्हा कलावंताच्या हाती येतं.

तेव्हा असा कलावंत नवा अल्बम घेऊन तुमच्या शहरात आला, तर तिकीट काढण्याआधी मंचावर कोण कोण असणार ते पाहा. पियानो, बास आणि ड्रम्स एवढंच असेल तर जरूर जा, आणि जिथून हात दिसतील अशी डावीकडची खुर्ची धरा. चाळीस व्हायोलिनं येणार असतील, तर रेकॉर्ड पुरेशी आहे.