खेळ वाहता राहिला पाहिजे

जुन्या फुटबॉलचे गोडवे गाणाऱ्यांनी 1990चा इटलीतला विश्वचषक आठवून पाहावा. 52 सामन्यांत 115 गोल, सरासरी 2.21, इतकी कमी सरासरी दुसऱ्या कुठल्याही विश्वचषकाची नाही. आघाडी मिळाली की बचावपटू चेंडू मागे गोलरक्षकाकडे द्यायचा, तो हातात घ्यायचा, थोडा वेळ काढायचा, पुन्हा बचावपटूकडे सरकवायचा. घड्याळ पळायचं, खेळ जागच्या जागी. 1992मध्ये नियम आला: सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात धरायचा नाही. या एका नियमाने खेळाचं जेवढं भलं केलं, तेवढं नंतरच्या कुठल्याच बदलाने केलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

हाताला बंदी आली, म्हणून गोलरक्षकाला पायाने खेळायला शिकावं लागलं. 2014च्या विश्वचषकात अल्जीरियाविरुद्ध मॅन्युएल नॉयर पुन्हा पुन्हा पेनल्टी क्षेत्राबाहेर धावत येऊन चेंडू काढत होता, तेव्हा या शिक्षणाचं फळ जगाने पाहिलं. 2019पासून गोल किकचा चेंडू क्षेत्राबाहेर जाण्याची अटही गेली आणि चढाईची सुरुवात थेट गोलजाळ्यासमोरून होऊ लागली. पेप ग्वार्डिओलाच्या मँचेस्टर सिटीत एडरसन चेंडू तळव्याखाली धरून शांत उभा राहायचा. दोन्ही सेंटर बॅक दोन बाजूंना पांगलेले. प्रतिस्पर्धी आघाडीपटू मोह न आवरून पुढे झेपावला, की त्याच्या पाठीमागे उघडलेल्या जागेत पास गेलाच. अनेकांना ही चालढकल वाटते. मला त्यात बुद्धिबळाची चुरस दिसते.

या शिस्तीची किंमत मात्र मोठी आहे. प्रत्येकाची जागा ठरलेली, चेंडू गेला की सगळ्यांनी धावून तो परत मिळवायचा. अशा खेळात पायाखाली चेंडू घोळवत, डोकं वर करून वाट पाहणारा दहा नंबर बसत नाही. हुआन रोमान रिकेल्मेने 2006मध्ये छोट्याशा व्हिलारियालला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीपर्यंत नेलं. तसा संथ प्रतिभावंत आज सोळाव्या वर्षीच ‘धावत नाही’ म्हणून अकादमीबाहेर पडेल. फुटबॉलची सरासरी गुणवत्ता वाढली आणि अनपेक्षित गोष्टी कमी झाल्या, हे मान्य करायलाच हवं.

पण खरी जखम व्हिडिओ पंचाने केली. 2012च्या मे महिन्यात सिटीच्या मैदानावर सर्जिओ अग्वेरोने भरपाई वेळेत गोल करून विजेतेपद खेचून आणलं. चेंडू जाळ्यात गेला त्याच क्षणी आनंद पूर्ण झाला. त्याच मैदानावर एप्रिल 2019मध्ये टॉटनहॅमविरुद्ध रहीम स्टर्लिंगने 93व्या मिनिटाला गोल केला. सिटी उपांत्य फेरीत गेली असं समजून मैदान उसळलं, आणि मग व्हिडिओ तपासून गोल रद्द झाला. अग्वेरो ऑफसाइड होता, निर्णय बरोबरच होता. पण तेव्हापासून प्रत्येक गोलनंतर प्रेक्षक आधी पंचाकडे बघतो. हा खेळ नव्वद मिनिटांत एखाददुसराच गोल देतो. तो गोलही उसना मिळू लागला.

माझा विरोध यंत्राला नाही. 2010मध्ये जर्मनीविरुद्ध फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगलाच आत पडूनही गोल दिला गेला नाही. आज गोलरेषा तंत्रज्ञान सेकंदाभरात पंचाच्या मनगटावर इशारा देतं. खेळ थांबत नाही, न्यायही होतो. व्हिडिओ पंचाची मदत घ्यायचीच, तर ती उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या ढोबळ चुकांपुरती असावी. बोटभर ऑफसाइडसाठी मिनिटामागून मिनिटं रेषा ओढत बसणं थांबावं.

प्रेक्षकांनी ठरवलं तर हे घडू शकतं. स्वीडनमध्ये क्लबांच्या मतदानात सभासदांचं बहुमत असतं. त्या सभासदांच्या विरोधामुळेच तिथल्या अव्वल साखळीत व्हिडिओ पंच आणण्याचा प्रस्ताव मागे पडला. 2026चा विश्वचषक 48 संघांचा आणि 104 सामन्यांचा. सामने वाढवणाऱ्यांना आणि नियम घडवणाऱ्यांना चाहत्यांनी एकच प्रश्न विचारत राहावं: या बदलाने चेंडू जास्त वेळ खेळात राहील का? उत्तर ‘हो’ असेल तर 1992सारखं मनापासून स्वागत करू. नसेल, तर तो बदल कितीही अचूक असला तरी फुटबॉलला नको.