पवनविजेवरील उत्पादनाधिष्ठित प्रोत्साहन : एक चिकित्सा

शासनाने एखाद्या उद्योगास साहाय्य द्यावयाचे ठरविले म्हणजे ते नेमके कोणत्या कृतीबद्दल द्यावयाचे, हा प्रश्न साहाय्याच्या रकमेइतकाच महत्त्वाचा असतो. पवनविजेच्या बाबतीत आपल्या देशात या प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली. त्यांपैकी दुसरे तत्त्वतः अधिक योग्य होते; तथापि त्याच्या एका अटीने त्या तत्त्वालाच बाध आणला, हे येथे दाखवावयाचे आहे.

पहिले उत्तर प्राप्तिकरातील त्वरित घसाऱ्याचे. घसाऱ्याचा हा दर आरंभी शंभर टक्के होता. २००२ नंतर तो ८० टक्के झाला. यंत्राच्या किमतीचा एवढा मोठा हिस्सा आरंभीच खर्च म्हणून दाखवून करपात्र नफ्यातून वजा करता येई. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडी येथील पठारांवरील पवनचक्क्या याच काळात उभ्या राहू लागल्या. या सवलतीने उद्योगाकडे भांडवल वळविले, हे श्रेय तिला दिलेच पाहिजे. परंतु तिचा लाभ मालकाच्या अन्य नफ्यावर अवलंबून होता. वीज विकून मिळणारे उत्पन्न वेगळे. शासनाच्या साहाय्याचा मात्र पाते किती फिरले याच्याशी संबंध नव्हता.

दुसरे उत्तर डिसेंबर २००९ मध्ये केंद्र शासनाने दिले. ज्यांनी त्वरित घसारा घेतला नाही, अशा प्रकल्पांना वीजजाळ्यात सोडलेल्या प्रत्येक युनिटमागे, विक्रीदराखेरीज, ५० पैसे देण्याचे ठरले. मुदत किमान चार व कमाल दहा वर्षांची. एकूण मर्यादा दर मेगावॅटला ६२ लाख रुपयांची. प्रस्तुत आक्षेप या मर्यादेवर आहे.

एक मेगावॅटची दोन यंत्रे घेऊ. पहिले वर्षभरात आपल्या पूर्ण क्षमतेच्या १५ टक्के वीज देते, म्हणजे १३.१४ लाख युनिट. दुसरे २५ टक्के, म्हणजे २१.९ लाख युनिट. पहिल्याची ६२ लाखांची मर्यादा साडेनऊ वर्षांच्या सुमारास भरते, दुसऱ्याची पावणेसहा वर्षांतच. दोघांनाही मिळाले ६२ लाखच. दहा वर्षांच्या उत्पादनावर ही रक्कम विभागली, तर पहिल्यास युनिटमागे सुमारे ४७ पैसे आणि दुसऱ्यास २८ पैसे पडतात. सारांश, नावाने युनिटवर दिलेले साहाय्य व्यवहारात पुन्हा मेगावॅटवरच येऊन ठेपले. अधिक विजेचे फळ एवढेच, की पैसा लवकर हाती आला.

यावर असे म्हणता येईल, की जेथे वारा भरपूर तेथे विक्रीचे उत्पन्नही अधिक. मग लोकांच्या पैशातून तेथे अधिक का द्यावे? हा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. जर्मनीच्या २००० सालच्या कायद्यातही चढा दर पहिली पाच वर्षे सर्वांना देऊन, पुढे वाऱ्याच्या ठिकाणी तो लवकर उतरविला होता. परंतु तेथे प्रत्यक्ष उत्पादनाची तुलना त्याच जातीच्या यंत्राच्या एका प्रमाणभूत स्थळावरील अपेक्षित उत्पादनाशी केली जाई. त्यामुळे दरातील कपात मुख्यतः स्थळाच्या अनुकूलतेनुसार होई. यंत्राच्या निवडीतील गुण त्यात सरसकट बुडत नसे. शिवाय दर उतरला तरी पुढील युनिटलाही ठरलेला भाव मिळतच राही. आपल्या मर्यादेला असा विवेक नव्हता. वाऱ्याची कृपा आणि निवडीचे व निगेचे कौशल्य या दोहोंना तिने एकाच मापाने मोजले.

मधल्या खंडानंतर २०१३ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली, तेव्हा मर्यादा एक कोटी रुपये करण्यात आली. या बदलाकडे केवळ रकमेतील वाढ म्हणून पाहणे अपुरे होय. वरील उदाहरणात आता पहिल्या यंत्रास दहा वर्षांत ६५.७ लाख मिळतात व दुसऱ्यास पूर्ण एक कोटी. म्हणजे युनिटमागे अनुक्रमे ५० आणि जवळजवळ ४६ पैसे. जे तत्त्व २००९ मध्ये घोषित झाले, ते बहुतांशी २०१३ मध्ये अमलात आले. पुढे २०१७ मध्ये योजना संपली आणि दर ठरविण्याचे काम लिलावाकडे गेले.

अभ्यासकांनी यातून घ्यावयाचा बोध योजनेच्या आयुष्यापुरता नाही. साहाय्याचा हेतू तिच्या नावात नव्हे, तर तिच्या शेवटच्या अटीत शोधावा लागतो. ज्या युनिटवर देणे थांबते, त्याच युनिटवर शासनाला खरोखर काय हवे होते ते उघड होते.